वाचक विचारतात : चौकाची जमीन आणि घराचा उंबरा

जुन्या शहरांतील चौकांच्या नूतनीकरणाविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे गोव्यातील सासष्टी, तिसवाडी, बार्देश आणि फोंडा या तालुक्यांतून आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण इतर अनेकांची शंका त्यातच सामावलेली आहे.

प्रश्न : आमचे घर सासष्टीतील एका जुन्या चौकावर आहे. समोर चर्च, बाजूला पांढरा क्रूस, एक जुना आंबा आणि भोवती कौलारू घरे आहेत. चौकाच्या ‘सुशोभीकरणा’चा आराखडा तयार झाला असून त्यात रंगीत पेव्हर ब्लॉक, मध्यभागी कारंजे, दोन कमानी आणि ग्रॅनाइटची बाके आहेत. मागे डांबरीकरण झाले तेव्हा चौक वर आला आणि तेव्हापासून पावसाचे पाणी आमच्या घरात शिरते. चांगल्या कामाला आमचा विरोध नाही. परंतु हरकत घ्यायची तर ती कोणत्या मुद्द्यावर घ्यावी? — एक वाचिका, सासष्टी

उत्तर : आपल्या पत्रातले पाण्याविषयीचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण आपल्या हरकतीचा सगळा पाया त्यातच आहे. जुन्या चौकात जमिनीची पातळी ही मूळ रचना असते. घरांची जोती, चर्चच्या पायऱ्या, क्रूसाचा चौथरा, झाडाचा पार आणि गटाराचा उतार हे सारे त्या एका पातळीला धरून बांधलेले असते. ती पातळी वीतभर वर आली की उंबरे खाली जातात, पायऱ्या गाडल्या जातात, क्रूस बुटका दिसू लागतो आणि ज्या उताराने पाणी चौकाबाहेर जात होते, तोच उतार ते घरांकडे वळवतो. कमान उद्या काढून टाकता येते. वर आलेली जमीन पुन्हा खाली नेण्याचे काम मात्र कोणी सहसा हाती घेत नाही.

काही वर्षांपूर्वी बार्देशातील एका चौकाचे काम सुरू करण्याआधी आम्ही एका घराच्या दारासमोर दोन फूट लांबीरुंदीचा खड्डा घेतला. वर पेव्हर, त्याखाली वाळू, मग काँक्रीट, मग डांबराचे दोन थर, मग खडी आणि लाल माती, असे उतरत गेल्यावर सुमारे दीड फुटावर कुदळ चिऱ्यावर वाजली. माती हाताने बाजूला केली, तेव्हा त्या घराची पहिली पायरी दिसली. मधोमध पावलांनी झिजून ती खोलगट झाली होती. घरातल्या आजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा आपण तीन पायऱ्या चढून या घरात आलो होतो, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी त्या घराला एकच पायरी उरलेली होती. एकाही ठेकेदाराने मुद्दाम नुकसान केले नव्हते. प्रत्येकाने जुना थर न खरवडता त्यावर आपला थर चढवला होता, एवढेच.

म्हणून आपल्या हरकतीत पहिली मागणी पातळ्यांच्या नकाशाची असावी. चौकातील प्रत्येक घराचा उंबरा, प्रत्येक पायरी, क्रूसाचा पाया, आंब्याचा बुंधा आणि गटाराचा तळ यांची आजची उंची आणि कामानंतरची उंची एकाच नकाशावर शेजारी शेजारी दाखवली पाहिजे. आकर्षक रंगीत चित्रे असलेल्या आराखड्यांत हा एक कागद बहुधा नसतो, आणि माझ्या मते तो नसेल तर बाकीच्या कागदांवर चर्चा करण्यात अर्थ नाही. दुसरी मागणी अशी की जुने थर आधी खरवडून काढावेत आणि नवी पातळी आजच्या पातळीपेक्षा कोठेही वर जाऊ नये; शक्य असेल तेथे ती गाडलेल्या पायरीपर्यंत खाली न्यावी. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इतक्या पावसात साठ फुटांना एक फूट एवढा उतार घरांपासून दूर जाणारा असावा आणि जुनी चिरेबंदी गटारे असतील, तर ती बुजवून नवे पाइप टाकण्याऐवजी तीच उपसून वापरावीत.

आता साहित्याविषयी. आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि उन्हात ते सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो, सिमेंट करू देत नाही. जुन्या भिंतीच्या किंवा पाराच्या सांध्यांत सिमेंट भरले की पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते चिऱ्यातून वाट काढते आणि क्षारांसह पृष्ठभागावर येऊन चिऱ्याचा भुगा करते. आपल्या चौकातील एखादा ‘दुरुस्त’ केलेला कठडा जवळून पाहा. सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधले चिरे आत खचलेले दिसले, तर दुरुस्तीनेच दगड खाल्ला, असे समजावे. क्रूसाचा चौथरा आणि पार यांना फक्त चुना वापरावा, ही अट लेखी मागा. फरशीसाठी घट्ट जातीचा चिरा किंवा खडबडीत काळा दगड वाळूवर बसवला, तर पाणी सांध्यांतून मुरते आणि उद्या जलवाहिनी फुटल्यास तेवढेच दगड उचलून पुन्हा बसवता येतात. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसात निसरडा होतो. आपल्या चौकात सकाळच्या मिसेला येणारी बहुतेक माणसे वयस्कर असतील, तर एवढे एक कारण पुरेसे आहे.

आंब्याबद्दल थोडक्यात सांगतो. बुंध्याभोवती काँक्रीट नसावे आणि मातीची भर घालून बुंधा गाडू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडेही एक मीटर हे किमान धरावे, जुन्या झाडाला त्याहून कितीतरी अधिक जागा लागते. मुळे लांबवर पसरलेली असतात, तेव्हा त्या भागात यंत्राने खोदाई न करता हाताने करावी.

राहिले कारंजे आणि कमानी. आपल्या गावांतला मांड, म्हणजे उत्सवांसाठी राखलेली मोकळी जागा, आठवा. शिगम्याला तेथे रोमटे, म्हणजे वाजतगाजत मिरवणुका, येतात, नमन होते, आणि वर्षाचे उरलेले दिवस ती जागा रिकामी असते. तरी तेथे काही बांधावे असे कोणाच्या मनात येत नाही, कारण ती रिकामी असण्यातच तिचे काम आहे. चर्चसमोरचा चौकही तसाच असतो. पणजीच्या चर्चचे दुहेरी जिने खालच्या मोकळ्या जागेतून दिसावेत अशाच बेताने वर चढत जातात; पायथ्याशी एखादी उंच वस्तू उभी केली, तर चर्चची इमारत शाबूत राहूनही तिचे दर्शन हरवेल. मडगावच्या होली स्पिरिट चर्चसमोरच्या चौकात उंच चौथऱ्यावरचा पांढरा क्रूस आणि भोवतीची जुनी घरे एकमेकांपासून जे अंतर राखून आहेत, तेच त्या चौकाचे सौंदर्य आहे. आपल्या चौकात कारंज्याची गरज कोणाला आहे, ते विचारावे. बसायला सावलीतला पार, रात्री चालण्यापुरता उबदार पिवळसर प्रकाश आणि तारांचे जाळे जमिनीखाली नेणे, एवढे झाले तरी चौक बदलल्यासारखा वाटेल. तारांचे आणि वाहिन्यांचे काम फरशीच्या आधी व्हावे, हेही हरकतीत अवश्य लिहा.

प्रश्न : वसाहतकाळातील स्तंभ, मंडप आणि क्रूस वारसा म्हणून का जपायचे? चौक नव्याने करायचाच आहे, तर गुलामीच्या खुणा काढून टाकून आपला इतिहास सांगणारी रचना का करू नये? — एक निवृत्त शिक्षक, पणजी

उत्तर : आपला प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच शहराने काही प्रमाणात दिलेले आहे. आझाद मैदानावरचा मंडप १८४७ मध्ये गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्क याच्या पुतळ्यासाठी उभारला गेला. त्याचे खांब जुन्या गोव्यातील डोमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणलेले होते. गोवामुक्तीनंतर पुतळा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला, मैदानाचे नाव बदलले, त्या मंडपात गोवा मुक्तिलढ्याचे नेते डॉ. त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक झाले आणि शेजारी हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. खांब मात्र तेथेच राहिले. चर्चसमोरच्या नगर उद्यानातील स्तंभावर एके काळी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. आज तेथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत. ज्याचा गौरव आपल्याला मान्य नाही त्याची मूर्ती संग्रहालयात नेणे मला योग्य वाटते. परंतु खांब पाडले असते तर जुन्या गोव्याची पडझड, नव्या राजधानीची उभारणी आणि मुक्तीनंतरचा बदल या तीन गोष्टी एकाच दगडात वाचण्याची सोय आपण गमावली असती. संवर्धनाच्या क्षेत्रात १९६४ ची व्हेनिस सनद प्रमाण मानली जाते आणि तीही हेच सांगते की वास्तूला प्रत्येक काळाने दिलेली ग्राह्य भर जपावी. केवळ एका काळाचे शुद्ध रूप मिळवणे हे उद्दिष्ट नसावे.

मडगावच्या ज्या चौकाचा वर उल्लेख केला, तेथेही हे थर आहेत. चर्चची सध्याची इमारत १६७५ ची आहे, आणि परंपरेनुसार त्या जागी पूर्वी दामोदराचे देवालय होते; देव पुढे जांबावलीला गेला आणि मडगावकर आजही गुलालोत्सवाला तेथे जातात. हे चौकातल्या फलकावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत स्पष्ट शब्दांत लिहिले जावे. लपवण्याने कोणाचेच भले होत नाही आणि पाडण्याने तर सांगण्यासाठी काही उरतच नाही.

आपला इतिहास सांगणाऱ्या चौकाविषयी आपण विचारले आहे, म्हणून मडगावच्या लोहिया मैदानाचे उदाहरण देतो. १८ जून १९४६ रोजी सभाबंदी असताना डॉ. राममनोहर लोहिया तेथे बोलायला उभे राहिले, सोबत डॉ. जुलियांव मिनेझिस होते, आणि लोक भर पावसाळ्यात जमले. त्या जागेचा वारसा म्हणजे माणसे जमू शकतील एवढी मोकळी जमीन. अशा मैदानात स्मारके कितीही भक्तिभावाने वाढवली, वाफे आणि रेलिंग घातले, तर प्रत्येक नव्या भरीने त्या सभेची जागा कमी होत जाते. असा कोणताही आराखडा आला, की कामानंतर येथे आजइतकी माणसे उभी राहू शकतील का, हे चौरस मीटरमध्ये विचारावे.

प्रश्न : नूतनीकरण झाले की फुले, चणे, खाजे विकणाऱ्यांना परत बसू देत नाहीत. हे लोक वारशात मोडत नाहीत का? — एक दुकानदार, म्हापसा

उत्तर : निश्चित मोडतात, आणि कायदाही त्यांच्या बाजूला आहे. पथविक्रेत्यांसंबंधीच्या २०१४ च्या कायद्यानुसार आधी सर्वेक्षण झाले पाहिजे, आणि नगर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नयेत. त्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश महिला असाव्यात. सोपो, म्हणजे बाजारकर, भरल्याच्या जुन्या पावत्या विक्रेत्यांनी जपून ठेवाव्यात.

आराखडा करणाऱ्याने चौकात पूर्ण दोन दिवस बसून नोंदी कराव्यात, असा माझा आग्रह असतो. पहाटे पोदेर (पाववाला) कोणत्या बाजूने येतो, फुलवाली सावलीसाठी दुपारी कोठे सरकते, शाळा सुटल्यावर मुले कोठून धावतात, रात्री नऊनंतर कोण बसलेले असते, हे नकाशावर आले की बाके आणि दिवे कोठे हवेत ते आपोआप ठरते. वर्षातले मोठे दिवसही मोजायला हवेत : आठ डिसेंबरचे पणजीचे फेस्त, मडगावची दिंडी, वास्कोचा दामोदर सप्ताह, दिवाळीच्या पहाटेचा नरकासुर. मंडपाचे खांब रोवण्यासाठी दर वर्षी नवी फरशी फोडली जाते. त्याऐवजी फरशीतच झाकण असलेले लोखंडी खोबण बसवून ठेवावेत. खर्च अल्प असतो आणि फरशी टिकते. नरकासुर जाळण्याच्या जागी साधा चिरा किंवा माती असावी, कारण आगीने दगडी फरशी तडकते.

प्रश्न : अशा कामाला कोणाकोणाची परवानगी लागते? माहिती कोठे मिळेल? — एक वाचक, फोंडा

उत्तर : चौक किंवा त्यालगतची वास्तू कोणत्या यादीत आहे, यावर ते अवलंबून आहे. केंद्रीय पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक असेल, तर प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीनेच करता येते. राज्याच्या १९७८ च्या कायद्याखाली ५१ स्मारके संरक्षित आहेत. तेथे राज्य पुरातत्त्व खात्याकडे जावे. यांपैकी काही नसले, तरी ओडीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, तो भाग संवर्धन क्षेत्र म्हणून दाखवलेला आहे का ते पाहा. तसे असल्यास गोव्याच्या २०१० च्या जमीन विकास व बांधकाम नियमावलीनुसार नगर व ग्रामनियोजन खात्याच्या संवर्धन समितीपुढे प्रकरण जायला हवे.

जमिनीची नोंद शहर सर्वेक्षणात चलता क्रमांक (भूखंडाचा क्रमांक) आणि पी. टी. शीट क्रमांक (नकाशाच्या पानाचा क्रमांक) यांवरून मिळते. या दोन क्रमांकांशिवाय केलेला अर्ज फिरत राहतो, असा माझा अनुभव आहे. जुने नकाशे आणि छायाचित्रे पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधावीत. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतू याच्याकडे ज्या दप्तराची जबाबदारी आली, त्याचाच हा वारसा आहे आणि नागरिकांनी तेथे जायला संकोच करू नये. आराखडा, अंदाजपत्रक आणि पातळ्यांचा नकाशा पालिकेकडून माहिती अधिकारात मागता येतो.

प्रश्न : मी नगरसेवक आहे. आमच्या प्रभागातील जुन्या चौकाच्या कामाची निविदा निघणार आहे. गाड्यांचे काय करावे आणि निविदेत कोणत्या अटी घालाव्यात? — एक वाचक, तिसवाडी

उत्तर : आपण निविदेआधी विचारलेत, याचा मला विशेष आनंद आहे. दिल्लीत चांदणी चौकाच्या लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद या सुमारे १.३ किलोमीटरच्या रस्त्याचे नूतनीकरण २०२१ मध्ये झाले आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना तेथे बंदी घातली गेली. आपला चौक त्या मानाने लहान आहे. येथे सरसकट बंदीऐवजी चारपाच शनिवार-रविवार तात्पुरते अडथळे ठेवून प्रयोग करावा, रहिवाशांच्या आणि औषधांच्या दुकानाच्या अडचणी लिहून घ्याव्यात आणि मगच कायमचे काही ठरवावे. दगडी खांब रोवल्यानंतर चूक सुधारणे महाग पडते.

अटींविषयी माझी विनंती अशी. चौकात तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन त्यांची छायाचित्रे आणि थरांची मापे निविदेला जोडावीत, म्हणजे खरवडण्याचे काम ठेकेदाराच्या दरात आधीच धरले जाईल. ते न धरल्यामुळेच थरावर थर चढतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाराला एक याहून तीव्र नसावा, आणि तो जुन्या पायऱ्या फोडून न करता त्यांच्या बाजूने, पुढे काढता येईल असा असावा. चुन्याचे काम करणारा गवंडी आधीच निवडून त्याच्याकडून चौकातल्याच एखाद्या कठड्यावर एक मीटरचा नमुना करून घ्यावा आणि तो पाहून मंजुरी द्यावी. सबंध चौक एकदम उकरू नये. एका बाजूची पट्टी उन्हाळ्यात पूर्ण करून तिच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि आषाढातल्या मोठ्या सरीत स्वतः जाऊन पाणी कोठे थांबते ते खडूने आखावे. उरलेल्या भागाचा उतार त्या खुणांवरून दुरुस्त करता येतो. दोषदायित्वाची, म्हणजे ठेकेदाराने कामातले दोष स्वतः दुरुस्त करून देण्याची, मुदत महिन्यांत न लिहिता ‘सलग दोन पावसाळे’ अशी लिहावी, कारण ऑक्टोबरात सुरू झालेली बारा महिन्यांची मुदत एकाच पावसाळ्यात संपून जाते.